मेक्सिकोची क्रांती : दिआझ सहा महिन्यांत गेला, मग पुढची नऊ वर्षं लढाई कशासाठी?

लाल_माती (धागाकर्ता)

मेक्सिकन क्रांतीबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात एक ठरलेली साखळी असते. हुकूमशहा पोर्फिरिओ दिआझ, त्याला हटवणारा मादेरो, मादेरोचा काटा काढणारा वेर्ता, वेर्ताला पळवून लावणारा कारान्सा, आणि कारान्साच्या जिवावर उठलेला ओब्रेगोन. वाचून असं वाटतं की खुर्चीसाठी एकमेकांच्या नरडीला लागलेल्या सेनापतींची ही गोष्ट आहे. मला ही मांडणी मुळातच अपुरी वाटते, म्हणून हा धागा.

घटनाक्रम आधी उरकून घेतो. दिआझ १८७६ साली सत्तेवर आला तो 'फेरनिवडणूक नको' हीच घोषणा देत. मधली चार वर्षं सोडली तर १९११ पर्यंत तोच राष्ट्राध्यक्ष. १९०८ मध्ये एका अमेरिकन पत्रकाराला त्याने सांगितलं, मेक्सिको आता लोकशाहीला तयार आहे, मी पुन्हा उभा राहणार नाही. दोन वर्षांनी, ऐंशीला टेकलेला असताना, तो पुन्हा उभा राहिला आणि विरोधी उमेदवार फ्रान्सिस्को मादेरोला निवडणुकीच्या तोंडावर तुरुंगात टाकलं. मादेरो निसटून टेक्सासात गेला आणि २० नोव्हेंबर १९१० ही उठावाची तारीख जाहीर केली. मे १९११ मध्ये सीमेवरचं सिउदाद ह्वारेस पडलं, २५ मे रोजी दिआझने राजीनामा दिला आणि तो जहाजाने युरोपला निघून गेला.

म्हणजे उठावापासून राजीनाम्यापर्यंत जेमतेम सहा महिने. हुकूमशहा गेला, निवडणूक झाली, निवडून आलेला माणूस नोव्हेंबरात गादीवर बसला. तरी १९२० पर्यंत गोळीबार थांबला नाही. का?

उत्तरासाठी राजधानीच्या दक्षिणेला लागून असलेल्या मोरेलोस राज्यात जावं लागतं. हा उसाचा मुलूख. दिआझच्या काळात देशात रेल्वेचं जाळं १९ हजार किलोमीटरच्या पुढे गेलं, मोरेलोसमध्येही रूळ आले, साखरेची नवी यंत्रं आली. यंत्रांना जास्त ऊस हवा, उसाला जास्त जमीन आणि त्याहून जास्त पाणी. ते शेजारच्या गावांचंच होतं. मोठ्या जमीनदारांच्या जहागिरींनी, तिकडे त्यांना असिएंदा म्हणतात, शिवार गिळत गिळत गावठाणापर्यंत मजल मारली. कोर्टात जावं तर न्यायाधीश त्यांचा, गव्हर्नर तर स्वतःच असिएंदावाला.

आनेनेकुइल्को हे चारेकशे वस्तीचं गाव. सप्टेंबर १९०९ मध्ये गावातल्या म्हाताऱ्या पंचांनी सभा बोलावली आणि सांगितलं, आता आमच्याने होत नाही, कुणीतरी तरुणाने पुढे या. गावाने तिशीच्या एमिलियानो सापाताला निवडलं. हा माणूस घोड्यांचा जाणकार, थोडी जमीन खंडाने घेऊन कलिंगडं लावणारा. पंचांनी त्याच्या हाती गावाचे कागद दिले. स्पॅनिश राजवटीपासूनचे हक्काचे दाखले, नकाशे, काही मजकूर नावात्ल या स्थानिक भाषेतला. सापाता आणि गावचा सचिव फ्रान्सिस्को फ्रान्को हे कागद घेऊन आठवडाभर दार लावून बसले. काय आपलं आहे आणि कधीपासून आहे, हे आधी नीट समजून घेतलं.

पुढच्याच वर्षी पेरणीच्या तोंडावर 'ओस्पिताल' नावाच्या असिएंदाने वादातली जमीन गावाला खंडानेही द्यायला नकार दिला. गावाने अर्ज केले, गव्हर्नरला, खुद्द दिआझला. पाऊस तोंडावर आला तरी निर्णय नाही. असिएंदाच्या कारभाऱ्याचं उत्तर प्रसिद्ध आहे. आनेनेकुइल्कोवाल्यांना पेरायचंच असेल तर कुंडीत पेरा म्हणावं, डोंगरउतारावरचीसुद्धा जमीन मिळणार नाही. सापाता ऐंशीएक हत्यारबंद माणसं घेऊन शेतावर गेला, दुसऱ्या गावचे लोक तिथे नांगरत होते त्यांना शांतपणे जायला सांगितलं, आणि पट्ट्या पाडून जमीन वाटली. मादेरोच्या उठावाची तारीख अजून काही महिने पुढे होती.

हे लोक मादेरोच्या मागे गेले ते त्याच्या जाहीरनाम्यातल्या तिसऱ्या कलमामुळे. अन्यायाने बळकावलेल्या जमिनी परत करण्याचं आश्वासन तिथे होतं. दिआझ गेल्यावर मादेरो म्हणाला, आधी हत्यारं खाली ठेवा, जमिनीचं कायद्याने बघू. त्यांच्या भेटीचा एक प्रसंग सापाताचा सहकारी मागान्या याने नोंदवला आहे. सापाताने मादेरोच्या खिशातल्या सोन्याच्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं, माझ्याकडे बंदूक आहे म्हणून मी हे घड्याळ हिसकावलं, आणि पुढे कधी आपण दोघेही हत्यारबंद असताना भेटलो, तर तुम्ही ते परत मागाल की नाही? मादेरो म्हणाला, मागेन, वर नुकसानभरपाईही मागेन. सापाता म्हणाला, मोरेलोसमध्ये आमचं नेमकं हेच झालंय.

मादेरो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर महिना उलटायच्या आत, नोव्हेंबर १९११ मध्ये, आयालाचा जाहीरनामा निघाला. शाळामास्तर ओतिलिओ मोन्तान्योने तो सापाताच्या सोबतीने लिहिला. ज्या गावांकडे दाखले आहेत त्यांनी आपली जमीन ताबडतोब ताब्यात घ्यावी, मालकी सांगणाऱ्या असिएंदावाल्यांनी नंतर न्यायालयात येऊन सिद्ध करावं. शिवाय मोठ्या जहागिरींचा तिसरा हिस्सा मोबदला देऊन घ्यायचा, आणि जो विरोध करेल त्याचं उरलेलंही जायचं. सिद्ध करण्याचं ओझं गरिबाच्या डोक्यावरून उचलून श्रीमंताच्या डोक्यावर ठेवलं, ही त्यातली खरी क्रांती. पुढची नऊ वर्षं लढाई झाली ती यासाठी, असं माझं म्हणणं आहे.

जाणकारांनी भर घालावी, आणि पटत नसेल तर मोकळेपणाने लिहावं.

---

रानवारा

कुंडीत पेरा! काय मुजोरी. वाचतोय, पुढचं येऊ द्या.

---

उत्तररात्र

लेख आवडला, पण तुम्ही सगळी क्रांती मोरेलोसमध्ये नेऊन बसवलीत. दिआझला प्रत्यक्ष पाडलं ते उत्तरेने. सिउदाद ह्वारेस घेणारे पास्कुआल ओरोस्को आणि पांचो विया, दोघेही चिवावा राज्यातून उठलेले. तिथे ऊस नाही, जुन्या नावात्ल गावांचे दाखले नाहीत. गुराखी, खाणकामगार, रेल्वेवाले, खेचरांवरून माल नेणारे लोक. सोनोरात कानानेआच्या तांब्याच्या खाणीत १९०६ मध्ये संप झाला तेव्हा तो मोडायला सीमा ओलांडून अमेरिकेतले बंदूकधारी आले होते. मेक्सिकन मजुराला त्याच कामाला अमेरिकन मजुराहून कमी पगार, हे त्या संपामागचं कारण. तिकडचा राग परकी भांडवलावर होता, स्थानिक बड्या घराण्यांवर होता, नोकरशाहीवर होता. सगळ्याला जमीन हे एकच उत्तर कसं चालेल?

आणि लष्करी बाजूही सांगायला हवी. वेर्ताचं कंबरडं मोडलं ते जून १९१४ मध्ये वियाने साकातेकास घेतलं तेव्हा. सापातावाले शूर होते, पण त्यांची फौज पेरणी-कापणीच्या दिवसांत घरी जायची. वियाची 'उत्तर विभाग' सेना रेल्वेगाड्यांवरून फिरायची, सोबत दवाखान्याचे डबे असायचे. अशी सेना देश जिंकते.

---

लाल_माती

उत्तररात्र, पगाराचा मुद्दा रास्त आहे, आणि कानानेआ धाग्यात यायलाच हवं होतं. पण चिवावाच्या बाबतीत मी माझं म्हणणं सोडणार नाही.

चिवावात नामिकिपासारखी गावं होती. अठराव्या शतकात अपाचे टोळ्यांशी लढण्याच्या बोलीवर या लोकांना जमिनी मिळालेल्या. पिढ्यान् पिढ्या त्यांनी सीमेवर रक्त सांडलं. अपाचे संपले, रेल्वे आली, जमिनीला भाव आला, आणि १९०५ साली गव्हर्नर एन्रिके क्रेएलने गावांच्या जमिनी विकायला मोकळ्या करणारा कायदा केला. क्रेएल हा तेर्रासासचा जावई, आणि तेर्रासास म्हणजे देशातला सगळ्यांत मोठा जमीनदार. ओरोस्को-वियाच्या मागे गेलेल्यांत ही माणसं मोठ्या संख्येने होती. दाखला वेगळा, जखम तीच.

फरक आहे तो पुढे काय केलं यात. विया डिसेंबर १९१३ मध्ये चिवावाचा गव्हर्नर झाला आणि त्याने या बड्या घराण्यांच्या इस्टेटी जप्त केल्या. जप्त गुरांचं मांस गरिबांना स्वस्तात विकलं, शाळा काढल्या. पण जमीन वाटली नाही. वाटप विजयानंतर, तोवर उत्पन्न फौजेला आणि विधवा-अनाथांना. त्याचं कारणही समजतं. आपल्या गावी जमीन वाटली जातेय आणि आपण शेकडो मैल दूर लढतोय, म्हटल्यावर शिपाई थांबला नसता. सापाताने मात्र लढता लढताच वाटली.

वेर्ता पळाल्यावर कारान्सा एकीकडे आणि विया-सापाता दुसरीकडे अशी फूट पडली. १९१४-१५ च्या त्या हिवाळ्यात मोरेलोसमध्ये कुणाचंच केंद्र सरकार पोचत नव्हतं. तेव्हा राष्ट्रीय कृषी विद्यालयातली शिकलेली तरुण पोरं जमीन मोजायला तिथे गेली. गावागावांत मोजणी, शिवेचे वाद, जुने कागद समोर. याउतेपेक आणि आनेनेकुइल्को यांच्या हद्दीवर सापाता स्वतः हजर होता. त्याने मोजणीवाल्यांना सांगितलं की गावकरी हा दगडी गडगा आपली शीव म्हणतात, तर रेषा या गडग्यावरूनच जाईल. तुम्हा इंजिनियरांना सरळ रेषांची आवड असते, पण गडग्याची सगळी वाकणं मोजायला सहा महिने लागले तरी शीव तीच. त्या पोरांपैकी मार्ते गोमेस पुढे देशाचा कृषिमंत्री झाला, त्याच्या आठवणींतून हे आपल्याला कळतं.

त्याच हिवाळ्यातलं ते छायाचित्र, विया राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत हसतोय आणि शेजारी सापाता मांडीवर टोपी ठेवून कॅमेऱ्याकडे रोखून बघतोय. ४ डिसेंबर १९१४ ला सोचिमिल्कोत दोघे पहिल्यांदा भेटले, ते संभाषण लघुलेखकाने टिपून ठेवलंय. दोघांनाही राजधानी नको होती. आपण राज्य करणारी माणसं नव्हे, हे ते एकमेकांना सांगत होते. दोन महिन्यांत राजधानी हातची गेली.

---

माईची_शाळा

मादेरोबद्दल थोडं बोलू द्या. त्याची बाजू या धाग्यात फारच दुबळी पडली आहे, आणि मला तो माणूस मनापासून मोठा वाटतो.

श्रीमंत घरातला मुलगा, कोआविलातल्या जमीनदार कुटुंबातला. शाकाहारी, होमिओपथीची औषधं गोरगरिबांना देणारा, मृतात्म्यांशी संवादावर श्रद्धा असणारा. भगवद्गीता त्याने बारकाईने वाचली होती, तिच्यावर टिपणं लिहिली होती. १९११ मध्ये त्याने आपल्या पंथाची पुस्तिका छापली ती 'भीम' या टोपणनावाने. मेक्सिकोचा होऊ घातलेला राष्ट्राध्यक्ष क्रांतीच्या ऐन धामधुमीत भीम नावाने लिहितो, हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते.

त्याने वृत्तपत्रं मोकळी केली, त्याच वृत्तपत्रांनी त्याची रोज टर उडवली. दिआझचा पुतण्या फेलिक्स याने बंड केलं, पकडला गेला, देहदंड टळला आणि तुरुंगात बसून पुढचा कट शिजवला. जुनी फौज मादेरोने मोडली नाही, हा त्याचा घात. ९ फेब्रुवारी १९१३ पासून दहा दिवस राजधानीच्या रस्त्यांवर तोफा चालत होत्या. बंडखोर शस्त्रागारात बसलेले, त्यांना हुसकावण्याचं काम मादेरोने वेर्तावर सोपवलेलं, आणि वेर्ता आतून त्यांनाच मिळालेला. त्यांचा करार झाला तो अमेरिकन वकिलातीत, राजदूत हेन्री लेन विल्सनच्या साक्षीने. मादेरो आणि उपराष्ट्राध्यक्ष पिनो सुआरेस यांच्याकडून राजीनामे घेतले. परराष्ट्रमंत्री लास्कुराइन पाऊण तासभर राष्ट्राध्यक्ष झाला, वेर्ताला मंत्री नेमून त्याने पायउतार व्हायचं, म्हणजे घटनेप्रमाणे वेर्ता आपोआप वर. २२ तारखेच्या रात्री तुरुंगात हलवण्याच्या नावाखाली दोघांना बाहेर काढून गोळ्या घातल्या.

लाल_माती, मादेरोने जमिनीचा प्रश्न ओळखला नाही हे खरं. पण मत देण्याचा हक्क ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्याच्या खुनानंतर देश पेटला तो त्याच्यासाठीही पेटला. विया त्याच्या आठवणीने रडायचा. हे फक्त जमिनीचं नाही.

---

लाल_माती

माईताई, तुम्ही लिहिलेलं पुन्हा वाचलं. वेर्ताविरुद्धचं युद्ध मादेरोच्या रक्ताने पेटलं यावर दुमत नाही. माझा राग मादेरोच्या विश्वासावर आहे. ज्या वेर्ताने ऑगस्ट १९११ मध्ये, मादेरो स्वतः सापाताशी बोलणी करत असताना, मोरेलोसमध्ये फौज घुसवली, त्याच्याच हाती दीड वर्षाने त्याने राजधानीचं रक्षण दिलं. हे मला कधीच पचलेलं नाही.

---

वर्धेकर

गीतेचा उल्लेख झालाच आहे, तर आमच्या वर्ध्याचा माणूस इथे यायलाच हवा. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

गदर चळवळीच्या पायाभरणीतला हा माणूस अमेरिकेत शेतकी शिकला, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढला, मग बर्लिन, मॉस्को. इंग्रज सरकारमुळे मायदेशी परतायची सोय नव्हती. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. लाल_माती यांनी वर ज्या विद्यालयाची पोरं मोजणीला गेली म्हणून लिहिलंय, तीच ही संस्था. क्रांतीनंतर ती चापिंगोला हलवली, आणि चापिंगो ही आधी एका माजी राष्ट्राध्यक्षाची असिएंदा होती, दिआझच्या मधल्या चार वर्षांत गादीवर असलेल्या मानुएल गोन्सालेसची. जमीनदाराच्या वाड्यात शेतकऱ्यांच्या पोरांचं विद्यालय.

खानखोज्यांनी मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं. मक्याचा रानटी पूर्वज तेओसिन्ते आणि मका यांच्या संकरावर त्यांचे प्रयोग गाजले. त्याहून मला महत्त्वाच्या वाटतात त्या त्यांनी शेतकऱ्यांसाठी उभ्या केलेल्या मोफत शेतीशाळा. त्यांतल्या एकीला सापाताचं नाव दिलं होतं. दिएगो रिव्हेरा त्यांचा मित्र. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने 'आमची भाकर' हे चित्र काढलं, त्यात मेजाच्या मध्यभागी बसलेल्या माणसाचा चेहरा खानखोज्यांवरून घेतलेला आहे. तीना मोदोत्तीने त्यांच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रं काढली.

स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, १९६७ मध्ये नागपुरात गेले. २०२२ साली चापिंगो विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पोराला खानखोजे कोण हे माहीत नसतं, याचं फार वाईट वाटतं.

---

लाल_माती

वर्धेकर, मनापासून आभार. त्याच विद्यालयाच्या चॅपेलमध्ये रिव्हेराने १९२० च्या दशकात भित्तिचित्रं काढली. एका चित्रात सापाता आणि शाळामास्तर मोन्तान्यो लाल कफनात जमिनीखाली आडवे आहेत आणि वर मक्याचं हिरवं शेत उभं आहे. खानखोजे शिकवत होते त्याच वर्षांत ही भिंत रंगत होती.

---

गिरणगावकर

कामगारांबद्दल कुणीच लिहीत नाहीये. क्रांतीतला सगळ्यांत दुखरा भाग मला तोच वाटतो.

जानेवारी १९०७ मध्ये वेराक्रूस राज्यातल्या रिओ ब्लांकोच्या कापड गिरणीत कामगार उठले. गिरणीचं स्वतःचं दुकान, मजुरीतला वाटा तिथेच परत जायचा. आधी ते दुकान लुटलं गेलं, मग फौज आली आणि तिने गोळ्या चालवल्या. दिआझची राजवट आतून किती किडली आहे हे त्या दिवशी उघड झालं. म्हणजे गिरणी कामगार या लढाईत शेतकऱ्याच्या आधीपासून होता.

आणि १९१५ मध्ये काय झालं? राजधानीतल्या कामगार संघटनेने कारान्साशी करार केला आणि 'लाल पलटणी' उभ्या करून विया-सापाताच्या विरोधात लढायला माणसं पाठवली. गिरणीतला माणूस नांगरावरच्या माणसावर बंदूक रोखून उभा. कारणं सांगितली जातात. सापाताचे लोक टोपीवर ग्वादालुपेच्या मेरीमातेचं चित्र लावून शहरात आले, देवधर्माला विरोध करणाऱ्या अराजकवादी कामगारांना ते मागासलेले वाटले. कारान्साच्या बाजूने ओब्रेगोनने त्यांना इमारती दिल्या, पैसे दिले. सापातावाल्यांनी कामगाराला देण्यासारखं काही मांडलंच नाही. दीड वर्षात, १९१६ च्या सार्वत्रिक संपात, त्याच कारान्साने संपकऱ्यांना मृत्युदंडाची धमकी दिली.

हे दोघे एकत्र आले असते तर सेलाया, म्हणजे ओब्रेगोनकडून वियाचा झालेला पराभव, घडलं नसतं, असं मला वाटत आलंय.

---

उत्तररात्र

सेलाया घडलंच असतं, गिरणगावकर. एप्रिल १९१५ मध्ये वियाने पुन्हा पुन्हा घोडदळ घातलं ते ओब्रेगोनच्या खंदकांवर, काटेरी तारांवर आणि मशीनगनवर. युरोपातल्या युद्धाच्या बातम्या ओब्रेगोनने वाचल्या होत्या, वियाने त्या मनावर घेतल्या नाहीत. जूनमध्ये तोफगोळ्याने ओब्रेगोनचा उजवा हात उडाला, पण तोवर निकाल लागलेला होता. मार्च १९१६ मध्ये वियाने सीमा ओलांडून कोलंबस गावावर हल्ला केला आणि जनरल पर्शिंगची अमेरिकन फौज जवळजवळ वर्षभर चिवावात त्याला शोधत फिरली, तो सापडला नाही.

---

सावली

एवढी चर्चा झाली आणि एकाही बाईचं नाव आलं नाही. मग मीच लिहिते.

सोल्दादेरा म्हणजे फौजेबरोबर चालणाऱ्या बायका. वियाच्या रेल्वेगाड्यांचं कौतुक वर झालंय, त्या डब्यांच्या टपावर आणि डब्यांखाली बांधलेल्या फळ्यांवर बायका-पोरं बसायची. शिपायाला सरकारी मुदपाकखाना नव्हता. धान्य शोधणं, मका दळणं, तोर्तिया थापणं, जखमा बांधणं, मेलेल्याची बंदूक उचलणं, हे सगळं त्यांच्याकडे. पेत्रा एरेरा आधी 'पेद्रो' म्हणून पुरुषी वेषात लढली, मग उघडपणे, आणि १९१४ च्या तोर्रेओनच्या लढाईत तिच्या बायकांच्या तुकडीने भाग घेतला. वियाने तिला सेनापतीपद दिलं नाही.

केरेतारो शहरात १९१६-१७ मध्ये राज्यघटना लिहिली जात होती तेव्हा एर्मिला गालिन्दो या तरुणीने स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी सभेपुढे ठेवली. फेटाळली गेली. बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देता यायला १९५३ साल उजाडावं लागलं. माईताई मतदानाच्या हक्काबद्दल म्हणाल्या ते मनाला लागलं, पण तो हक्क अर्ध्या देशाला छत्तीस वर्षं उशिरा मिळाला, तेही घटना झाल्यापासून मोजलं तर.

---

माईची_शाळा

सावली, अगदी खरं. गालिन्दोचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठून येणार, तिच्या देशातल्या लोकांनीही तिला उशिराच ओळखलं.

---

तटबंदी

सगळं भावनेने भारलेलं वाचून झालं. आता हिशेब बघू. १९१० च्या जनगणनेत मेक्सिकोची लोकसंख्या १ कोटी ५१ लाखांच्या वर, १९२१ मध्ये १ कोटी ४३ लाख. वाढायच्या ऐवजी आठ लाखांनी घटली. यात १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आहे, अमेरिकेत गेलेले लोक आहेत, जन्मालाच न आलेली मुलं आहेत, हे मान्य. तरी एवढ्या नरसंहारातून काय निघालं? १९२९ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष कायेसने एक पक्ष काढला, त्याची नावं बदलत गेली, आणि तो २००० सालापर्यंत म्हणजे ७१ वर्षं हलला नाही. एका दिआझच्या जागी सहा-सहा वर्षांचे दिआझ. १९६८ मध्ये त्लातेलोल्कोच्या चौकात याच 'क्रांतिकारी' पक्षाच्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. याला यशस्वी क्रांती म्हणायचं का?

---

लाल_माती

तटबंदी, त्लातेलोल्कोवर पांघरूण घालायचा प्रश्नच येत नाही. त्या पक्षाने क्रांतीचं नाव आपल्या पाटीवर लावलं आणि सापाताला पुतळ्यांत बसवलं. तोच सापाता, ज्याला कारान्साच्या फौजेने १० एप्रिल १९१९ ला चिनामेकाच्या असिएंदात दगा देऊन मारलं. कर्नल ग्वाहार्दोने फितूर झाल्याचं सोंग केलं, भरवसा बसावा म्हणून आधी सरकारकडे वळलेल्या माणसांना मारून दाखवलं. सापाता आत शिरताना सलामीचं बिगुल वाजलं आणि सलामी देणाऱ्या रांगेनेच गोळ्या झाडल्या.

पण 'काय निघालं' याचं उत्तर कागदावर आहे. ५ फेब्रुवारी १९१७ ची राज्यघटना. कारान्साला साधी दुरुस्ती हवी होती, सभेतल्या तरुण प्रतिनिधींनी त्याच्या हातून ती काढून घेतली. कलम २७ : जमीन आणि पाणी यांची मूळ मालकी राष्ट्राची, भूगर्भातली संपत्ती राष्ट्राची, गावांना जमीन परत मिळण्याचा हक्क. कलम १२३ : आठ तासांचा दिवस, संपाचा हक्क. रशियाची ऑक्टोबर क्रांती अजून व्हायची होती. सापाताचा एकही माणूस त्या सभेत नव्हता, त्याला बोलावलंच नव्हतं, तरी आयालाचा मुद्दा घटनेत गेला, कारण त्याला वगळून शांतता येणार नाही हे सगळ्यांना कळलेलं.

राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनासच्या कारकिर्दीत, १९३४ ते ४० मध्ये, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली गेली. आधीच्या सगळ्या सरकारांनी मिळून केलं त्याहून जास्त. १८ मार्च १९३८ ला परकी तेलकंपन्या राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या. कंपन्यांना द्यायच्या भरपाईला हातभार लावायला राजधानीत रांगा लागल्या, बायकांनी दागिने आणले, कुणी कोंबड्या आणल्या.

---

तटबंदी

आणि १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष सालिनासने तेच कलम २७ बदलून वाटप बंद केलं, गावसामाईक जमीन विकायला मोकळी केली. पक्ष तोच. म्हणजे ७५ वर्षांत गाडी होती तिथे.

---

रानवारा

१ जानेवारी १९९४ ला चियापासमध्ये उठाव झाला तो यावरच ना? नाव सापातिस्ता, म्हणून विचारतो.

---

लाल_माती

हो, रानवारा. उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार ज्या दिवशी लागू झाला, त्याच दिवशी. कलम २७ ची दुरुस्ती हे त्यांच्या रागाचं एक मोठं कारण होतं. चियापासच्या आदिवासी गावांचे जमिनीचे अर्ज कचेऱ्यांत वर्षानुवर्षं पडून होते, आणि एका दुरुस्तीने ते रद्दीत गेले.

तटबंदी, 'होती तिथे' हे मात्र मला मान्य नाही. १९९२ नंतर विकायची मुभा मिळाली, तरी बहुतेक गावांनी आपला एहिदो, म्हणजे गावाच्या नावावरची जमीन, मोडला नाही. मेक्सिकोच्या एकूण भूमीपैकी निम्म्याच्या आसपास जमीन आजही एहिदो आणि आदिवासी समूहांच्या नावे आहे. १९१० मध्ये ती असिएंदांच्या घशात चाललेली होती.

सापाताने गावाचे कागद ज्याच्यासोबत वाचले तो फ्रान्सिस्को फ्रान्को क्रांतीनंतरही गावाचे दाखले लपवून सांभाळत राहिला. गावाच्या जमिनीवर नव्या सरकारच्या सेनापतींचा डोळा होता, त्यांच्याशी तो कचेऱ्यांतून भांडत राहिला. डिसेंबर १९४७ मध्ये त्याला मारलं. सापाताच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, क्रांतीच्याच पक्षाच्या राजवटीत. म्हणून तुमचा पक्षावरचा राग मलाही आहे. पण पक्ष आणि क्रांती एक नव्हेत.

---

वर्धेकर

मोरेलोसमध्ये आज काय परिस्थिती आहे? ऊस अजून आहे का?

---

लाल_माती

ऊस आहे, साखर कारखाने आहेत, आणि भांडण पाण्यावर आहे. उएस्का गावी सरकारने औष्णिक वीजकेंद्र बांधलं. त्याला थंड करायला क्वाउत्ला नदीकडचं पाणी न्यायचं ठरलं. त्या पाण्यावर आयाला भागातल्या एहिदोंची शेती चालते, आनेनेकुइल्को याच भागात येतं. तिथल्या शेतकऱ्यांनी जलवाहिनीच्या कामावर वर्षानुवर्षं धरणं धरलं, कोर्टात गेले. २०१९ हे वर्ष सरकारने सापाताच्या नावाने जाहीर केलं होतं, स्मृतिशताब्दी म्हणून. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला, वीजकेंद्राबद्दलच्या जनमतचाचणीच्या तोंडावर, आमिल्सिंगो गावचा आंदोलक आणि गावच्या रेडिओचा कार्यकर्ता सामिर फ्लोरेस याला घराच्या दारात गोळ्या घालून मारलं. शेतकऱ्यांचं धरणं नोव्हेंबर २०२० मध्ये पोलीसबळाने उठवलं.

या पाण्याच्या दाव्यांबद्दल मी सविस्तर वाचतोय. चापिंगोत शिकलेलं किंवा मेक्सिकोत राहिलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा, विशेषतः एहिदोच्या सभेत पाण्याची पाळी कशी ठरते याबद्दल.